बर्फातल्या नदीतला ट्राउट, आणि तो आपल्या तापीत का नाही

डिसेंबर उजाडला की आमच्या धुळ्याचं नाव पेपरात येतं. 'धुळे गारठले', पारा एक आकडी, आणि शेजारी शेकोटीभोवती उकिडवे बसलेल्या माणसांचा ठरलेला फोटो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका आठवड्यात माझ्या भाच्यानं कोलोरॅडोहून एक व्हिडिओ पाठवला. दोन्ही काठांवर गुडघाभर बर्फ, मधून काळंशार पाणी वाहतंय आणि हा बहाद्दर मांडीइतक्या पाण्यात उभा. हातात बारीक, लवचिक काठी. थोड्या वेळानं काठी वाकली, अंगावर लाल-काळे ठिपके असलेला हातभर ट्राउट मासा जाळीत आला. यानं त्याच्या ओठातला गळ हलकेच काढला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला.

आमचे थोरले बंधू नाना जन्मभर पांझरेच्या काठावर गळ टाकून बसलेले. घरच्या ग्रुपवर त्यांनी खाली एकच ओळ लिहिली: "सोडी दिना? मंग धरा कसाले?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या पोटात आणखी चार प्रश्न आहेत. एवढ्या गारठ्यात मासा गळाला लागतो कसा? नदी गोठत कशी नाही? गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, मग मासा खातो काय? आणि ही मजा आपल्या तापीत का नाही? मी पदार्थविज्ञान शिकवण्यात तीस वर्षं घालवली आणि नंतर जानेवारीत भाच्याकडे जाऊन त्याच नदीत उभाही राहून आलो. नानांना हे सगळं तोंडी सांगायला बसलो, तर अर्ध्यातच त्यांचा डोळा लागला. म्हणून लिहून काढतो आहे.

यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका आकड्यापाशी येऊन थांबतं. तो आकडा म्हणजे पाण्याचं तापमान.

गारठलेला मासा म्हणजे काय

आपलं अंग बाहेर ऊन असो की हिव, ३७ अंशांवरच असतं. त्यासाठी आपण दिवसरात्र आतली चूल पेटती ठेवतो आणि तिला घालायला दोन वेळा जेवतो. माशाला अशी चूल नाही. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. पाणी १५ अंश तर मासा १५ अंश, पाणी ३ अंश तर मासाही ३ अंश.

शरीरातली सगळी कामं, म्हणजे पचन, श्वास, स्नायूंची हालचाल, ही शेवटी रासायनिक क्रिया आहेत. ढोबळ हिशोब असा की १० अंश उतरले की त्यांचा वेग निम्म्यावर येतो. हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला वेगळं सांगायला नको. थंडीची लाट आली की बाग मरत नाही, पण ठप्प होते. नवं पान उलगडत नाही, निसवण लांबते, घड अडकून बसतो. थंड पाण्यातला मासा असाच ठप्प झालेला असतो. तो आजारी नसतो, त्याचं घड्याळ हळू चालत असतं. एकदा पोटात गेलेला घास त्याला दिवसचे दिवस पुरतो.

मात्र प्रत्येक माशाचं घड्याळ वेगळ्या पाण्यासाठी लावलेलं असतं. आपले रोहू आणि कटला २५ ते ३० अंशांत खूश असतात. पाणी १८-२० च्या खाली गेलं की त्यांचं खाणं कमी होतं. ट्राउट मात्र १० ते १६ अंशांत जोमात असतो, २० च्या वर त्याला धाप लागते आणि २५ च्या आसपास जिवावर बेततं. 'थंड पाण्यातला मासा' म्हटलं की लोकांना वाटतं जितकं थंड तितकं त्याला बरं. तसं नाही. ३ अंशांत ट्राउटही कुडकुडतो, म्हणजे त्याच्या परीनं, काहीही न करता पडून राहून.

सोड्याची बाटली

मग तो थंड पाण्यात राहतोच कशाला? हवेसाठी. गरम सोडा फोडला की फसफसून हातावर येतो आणि गार सोडा गुमान बाटलीत राहतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. वायू गार पाण्यात जास्त मुरतो, कोमट पाण्यातून निसटतो. प्राणवायूचंही तेच. गोठायला आलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, १० अंशांना ११.३, २० अंशांना ९.१, आणि ३० अंशांना जेमतेम ७.५. हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत. डोंगरात हवा विरळ असल्यानं ते थोडे खाली येतात.

ट्राउट हा धावणाऱ्या, दगडांवरून खळाळणाऱ्या पाण्यातला मासा. त्याला प्राणवायू भरपूर लागतो. पाणी तापलं की त्याची दोन्हीकडून कोंडी होते. आतलं घड्याळ जोरात पळायला लागतं म्हणून हवा जास्त हवी, आणि नेमकी तेव्हाच पाण्यात हवा कमी. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस साधारण २३ अंशांवर गेलं की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. २३ अंश! आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी एवढं गार मिळालं तर आपण समाधानानं मान डोलवतो.

तळाशी ऊब असते, हा गैरसमज

आता थोडं पुस्तकी. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं, म्हणूनच बर्फ वर धरतो आणि तळाचं पाणी ४ अंशांवर टिकतं. शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, आणि त्यावरून बरेच जण, अगदी गळ टाकणारेही, सांगतात की हिवाळ्यात मासा तळाला जातो कारण तिथं ऊब असते.

तलावात हे खरं, वाहत्या नदीत नाही. नदीचं पाणी सतत घुसळलं जातं, रवीनं ताक घुसळावं तसं. वरचं खाली, खालचं वर. त्यामुळे वाहत्या धारेत वर आणि तळाला तापमान जवळपास एकच असतं. मासा तळाशी जातो तो उबेसाठी नाही, विसाव्यासाठी. तळाच्या दगडांना घासून पाण्याचा वेग कमी होतो. वावटळीच्या दिवसात शेतात उभं राहिलं तर टोपी उडते, पण बांधाआड आडवं पडलं की वारा डोक्यावरून जातो. तसंच हे.

म्हणून हिवाळी ट्राउट शोधायचा तर फेसाळ धारेत शोधू नये. डोह बघावा, आणि डोहातही जिथं पाणी माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकतं ती जागा. मासे तिथं तळाला, पाणी येतं त्या वरच्या अंगाला तोंड करून ओळीनं पडून असतात. घास पार तोंडासमोर आला तर उघडतात, दोन हात लांबून गेला तर बघतही नाहीत. आपल्याकडे म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो धंदा माणूस करतो. मासा कधी करत नाही. हिवाळ्यात तर त्याच्या गाठीला बारा आणेच नसतात.

नदी गोठत का नाही

विहिरीचं पाणी हिवाळ्यात पहाटे उपसलं तर वाफाळतं आणि उन्हाळ्यात गार लागतं. विहीर तापतही नाही, गारही होत नाही. बाहेरची हवा बदलते, आतलं पाणी जवळपास तसंच राहतं. केळीवाले थंडीत रात्री पाणी देतात त्यामागे हेच आहे, बागेला विहिरीची ऊब मिळते.

भाचा उभा होता ती साउथ प्लॅट नदी, डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला डोंगरात. तिच्यावर चीझमन नावाचं दगडी धरण आहे, १९०५ साली पुरं झालेलं. अशा खोल जलाशयात हिवाळ्यात वर बर्फाची साय असते आणि खोलात ते शाळेतलं ४ अंशांचं जड पाणी. धरणातून पाणी खोलातून सोडलं की बाहेर उणे १५ असलं तरी नदीत ४ अंशांचं पाणी येतं. म्हणून काठावर बर्फ आणि मधे वाहती धार. उन्हाळ्यात उलट. वरचं पाणी तापलं तरी खोलातलं गारच, मग खालची नदी जुलैतही ट्राउटला मानवते. न्यू मेक्सिकोतली सॅन वान, माँटानातली बिगहॉर्न, युटातली ग्रीन, या हिवाळी ट्राउटसाठी नावाजलेल्या नद्या सगळ्या अशाच धरणाखालच्या आहेत.

धरणापासून जसजसं लांब जावं तसतसं पाणी गारठत जातं. रात्री फार थंडी पडली तर तिथं तळातल्या दगडांनाही बर्फ धरतो आणि सकाळी ऊन लागलं की तो सुटून लगद्यासारखा वाहत येतो. तो वाहत असताना गळ टाकणं म्हणजे रसाच्या बर्फात सुई शोधणं.

माशी कशाची, आणि ती फेकतात कशी

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी, पण खरी नाही. बारीक गळावर दोरा, पीस, केस, तार गुंडाळून केलेला किड्याचा बहुरूपी. ही युक्ती आजची नाही. इसवी सन २०० च्या सुमाराला एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या नदीवरचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात असं लिहून ठेवलंय. आपल्या इकडचाही यात हात आहे. सह्याद्री-सातपुड्यातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची चमकत्या ठिपक्यांची पिसं विलायती माशी-बांधणाऱ्यांना फार प्रिय होती, ढिगानं जायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो पक्षी आता संरक्षित आहे. मोराच्या पिसाऱ्यातले हिरवे धागे आजही जगभर माश्या बांधायला वापरतात.

माशीला वजनच नसतं. मग ती पंधरा-वीस हात लांब जाते कशी? इथं नाना पुन्हा अडले होते, तेव्हा मी त्यांना गोफण आणि आसूड आठवायला सांगितलं. ज्वारीवरची पाखरं हाकताना गोफणीतला दगड उडतो, दोरी त्याच्यामागं नुसती लोंबते. आपला नेहमीचा गळ असा गोफणीचा, शिशाचा तुकडा उडतो आणि तंगूस ओढत नेतो. कडकलक्ष्मीवाल्याच्या आसुडाला मात्र टोकाशी वजन नसतं. वजन असतं आसुडातच, मुठीशी जाड आणि टोकाशी निमुळतं. मनगटाच्या झटक्यानं एक वळण निघतं, ते निमुळत्या टोकाकडे पळता पळता वेग घेतं आणि टोक कडाडतं. फ्लाय फिशिंगची दोरी म्हणजे हा आसूड. फरक एवढाच की तो कडाडता कामा नये. कडाडला की माशी तुटली समजायची. माझ्या पहिल्या तासात तीन तुटल्या.

दोरीच्या टोकाला शेवटचे दोन-तीन हात जवळजवळ न दिसणारा तंगूस असतो, हिवाळ्यात ०.१२ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, आपल्या केसाहून थोडा जाड. आणि माशी? तांदळाच्या कणीएवढी. गळाचे नंबर इथं उलटे चालतात, आकडा मोठा तर गळ लहान. उन्हाळ्यात १२-१४ नंबर चालतो, हिवाळ्यात २० आणि २२. साठीच्या डोळ्यांनी गारठलेल्या बोटांनी २२ नंबरच्या गळाच्या नाकात तो तंगूस ओवणं हे माझ्या मते या खेळातलं एकमेव खरं संकट आहे. नदी, बर्फ, घसरडे दगड हे सगळं त्यानंतर.

एवढी बारीक कशाला, याचं उत्तर नदीच देते. हिवाळ्यात मोठे किडे जवळपास नसतात. चिलटं मात्र बारमाही. संध्याकाळी धरणाकाठच्या दिव्याभोवती ढगासारखी घोंघावतात, चावत नाहीत, फक्त भाजीत पडतात, तीच जात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात राहतात. काही लाल असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातलंच हिमोग्लोबिन असतं. काचेच्या टाकीत मासे पाळणारे ज्याला ब्लडवर्म म्हणतात ते हेच. ट्राउट हिवाळाभर याच बारक्या अळ्यांवर आणि कोषांवर गुजराण करतो. म्हणून कणीएवढी लाल किंवा काळी माशी, वर चिमूटभर वजन, आणि पाण्यावर तरंगणारा एक छोटा गोळा. गोळा जरा अडखळला की समजायचं, खाली कुणीतरी तोंड उघडलं.

ढील

खरी कला इथून पुढं. पाण्यातली खरी अळी पाण्याच्या वेगानं वाहते, ना पुढे ना मागे. आपली माशी दोरीला बांधलेली. मधल्या वेगवान धारेनं दोरीला पोट पडतं, ते पोट माशीला ओढायला लागतं, आणि पाण्यापेक्षा जोरात पळणारी अळी बघून मासा ओळखतो की काहीतरी गडबड आहे. पतंग उडवणाऱ्याला हे लगेच कळेल. मांज्याला वाऱ्यानं पोट पडलं आणि ढील दिली नाही की पतंग वाकडा होतो. इथंही काठी हलकेच उचलून दोरीचं पोट वरच्या अंगाला टाकायचं, माशीला ढील मिळते आणि ती चार-पाच सेकंद सुट्ट्या अळीसारखी वाहते. त्या चार-पाच सेकंदांसाठी बाकी सगळा खटाटोप.

भाचा शांतपणे सांगत होता, "मामा, ओढू नका. नुसतं जाऊ द्या." मी ओढतच होतो. दुपारी कधीतरी एकदा पायाखालचा दगड सरकला म्हणून माझं लक्ष दोरीवरून उडालं, हात आपोआप सैल झाला, आणि तेवढ्यात गोळा बुडाला. माझा पहिला ट्राउट हा असा निव्वळ गाफीलपणानं मिळालेला.

गारठ्याचं वेळापत्रक

आपल्याकडे मासेमारीची वेळ म्हणजे भल्या पहाटे. हिवाळी ट्राउटवाला मात्र निवांत नाश्ता करून निघतो. साडेदहा-अकराच्या आधी पाण्यात उतरणं म्हणजे उगाच पाय गारठवणं. ऊन चढलं की पाणी एखाद-दुसऱ्या अंशानं वाढतं. ४ चं ५ झालं तर आपल्याला कळणारही नाही, पण माशाच्या घड्याळाला ती किल्ली असते. त्याच वेळी चिलटांचे कोष गाळातून सुटून वर यायला लागतात. बारा ते तीन हा त्यांचा बाजार. सूर्य डोंगराआड गेला की दुकान बंद.

काठीला दोरी ओवायच्या ज्या बारीक कड्या असतात त्यात ओली दोरी बर्फ सोडत जाते आणि थोड्या वेळानं कडी बुजते. उपाय साधा आहे. काठी पाण्यात बुडवायची. पाणी ४ अंश म्हणजे हवेच्या मानानं गरमच. माणसासाठी मात्र हे पाणी फसवं असतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख, आत लोकरीचे थर, कमरेला पट्टा, हे शोभेसाठी नसतं. पडलो तर पट्ट्यामुळे पोशाखात पाणी भरत नाही. आणि काठावरून पाण्यावर झुकलेल्या बर्फाच्या कडेवर पाय ठेवायचा नाही. ती कड खालून पोकळ असते.

"मंग धरा कसाले?"

आता नानांचा मूळ प्रश्न. चीझमन धरणाखालच्या त्या दरीत नियमच आहे, धरलेला प्रत्येक ट्राउट सोडायचा. वाढ हळू, गळवाले शेकडो. प्रत्येकानं एकेक घरी नेला तर दोन वर्षांत नदी मोकळी होईल. सोडलेला मासा उद्या दुसऱ्याला मिळतो. हा झाला हिशोब.

पण आक्षेप इथं संपत नाही, आणि संपूही नये. माशाला दुखत नाही का? २००३ साली एडिनबराजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकं दाखवली. ओठात आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत आणि बराच वेळ खात नसत. याला आपल्या अर्थानं 'दुखणं' म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. स्वित्झर्लंडनं मात्र वाट पाहिली नाही. सोडून देण्याच्याच हेतूनं मासा धरणं तिथं २००९ पासून बेकायदा आहे. खायचा असेल तर धरा, नाहीतर नदीवर जाऊ नका. म्हणजे नाना आणि स्विस सरकार यांचं एकमत आहे. नानांना हे सांगितल्यावर त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

माझं मत विचाराल तर मी मधे कुठेतरी आहे. सोडायचाच असेल तर तो जगेल असा सोडावा, नाहीतर तो निव्वळ दिखावा. गळाला उलटा काटा नसावा. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तो थरच त्याचं औषधपाणी असतं. आणि हिवाळ्यात त्याला फोटोसाठी हवेत धरू नये. उणे दहाच्या हवेत त्याच्या कल्ल्यांचे नाजूक, रक्तानं भरलेले पदर काही सेकंदांत गोठू शकतात. मासा पोहत जातो, आपण टाळ्या वाजवतो, आणि तो डोहात जाऊन मरतो. भाच्याच्या व्हिडिओत मासा पाण्यावर आला तो जाळीपुरताच, हे मी नंतर पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं.

आणखी एक. युरोपातून आलेला ब्राउन ट्राउट शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या तोंडाला अंडी घालतो. मादी शेपटीनं खडे उडवून तळाला स्वच्छ, फिकट वाफा करते, अंडी त्यात घालून झाकते, आणि ती वसंतापर्यंत तिथंच असतात. हिवाळ्यात अशा वाफ्यावरून माणूस चालत गेला की एका पावलात पुढची पिढी गेली. म्हणूनच आपल्या हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, काश्मिरातही हिवाळा बंदच. त्यामुळे 'हिवाळी ट्राउट' तिथं करता येत नाही. तीर्थन किंवा कुल्लूकडे जायचं असेल तर परवाना काढून मार्चनंतर जावं.

तोरणमाळला सोडला तर?

हा प्रश्न मला दोन जणांनी विचारला, दोघेही उत्साही. ब्रिटिशांनी काश्मिरात सोडलाच होता की. १८९९ मध्ये बोटीनं पाठवलेली अंड्यांची खेप वाटेतच मेली, १९०० ची जगली. पुढं कुल्लूत, निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरातही नेला. मग आमच्या तोरणमाळच्या यशवंत तलावात का नाही?

उत्तर बेरीज-वजाबाकीचं आहे. डोंगर चढताना दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे खानदेशातल्या मैदानापेक्षा सहा-सात अंश गार. मे महिन्यात खाली दिवसरात्रीची सरासरी ३३-३४ असते. सात वजा केले तरी २६-२७. ट्राउट २५ ला मान टाकतो. निलगिरीतल्या ट्राउटच्या जागा दोन हजार मीटरच्या घरात आहेत, फरक तिथं आहे. तापीचं तर विचारूच नका. कडाक्याच्या थंडीत पहाटे हवा ६ अंश असली तरी तापीचं पाणी १८-२० च्या खाली क्वचित जातं, आणि मे महिन्यात ते ३० पार.

आणि समजा जगला असता, तरी सोडू नये असंच मी म्हणेन. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. ते जिथं जातात तिथल्या मूळ माशांच्या मुळावर येतात. भाच्याच्या नदीतलाही ब्राउन ट्राउट मूळचा तिथला नाही, अमेरिकेत त्याची पहिली अंडी जर्मनीहून १८८३ साली आली. त्याच यादीत आपली चिलापीही आहे, म्हणजे १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया. आज गिरणेपासून तापीपर्यंत कुठंही जाळं टाका, तीच आधी येते. आफ्रिकी मांगूरवर २००० साली बंदी घातली, तरी तो बाजारात दिसतोच. परका मासा सोडणं सोपं असतं. परत बोलावता येत नाही.

तापमानाच्या आकड्याचा इथं खरा उपयोग आहे तो शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना. डिसेंबर-जानेवारीत पाणी १८-२० वर आलं की रोहू-कटला निम्मंसुद्धा खात नाहीत. तरीही सवयीनं उन्हाळ्याएवढंच खाद्य टाकलं जातं. ते तळाला सडतं, सडताना प्राणवायू खातं, आणि मग 'थंडीनं मासे मेले' म्हणून ओरड होते. एक साधा तापमापक घ्यावा, हातभर खोल बुडवावा, आणि उन्हं वर आल्यावर, तेही कमी, खाद्य टाकावं.

तो तापमापक मी परत आल्यावर घेतला. जानेवारीतल्या एका सकाळी नानांबरोबर मुडावदला गेलो, कपिलेश्वराच्या देवळाखाली, पांझरा तापीला मिळते तिथं. नानांनी कणकेची गोळी लावून काठी टाकली, मी सुतळीला बांधून तापमापक सोडला. १९ अंश. घाटावर धुणं धुणाऱ्या एका आजीबाईंनी विचारलं, "पानीले ताप उना का, भाऊ?"

मी नानांना म्हटलं, बाराशिवाय काही लागायचं नाही. त्यांनी तंबाखू मळली आणि काही बोलले नाहीत. साडेबाराला गोळा बुडाला. पसाभर चिलापी. नानांनी ती गळावरून सोडवली, माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि पिशवीत टाकली.

"हाऊ काही मी सोडाव नही."